दारातला चाफा

‘दारात एक चाफा हवा गो,’ आई एवढंच म्हणाली होती. कुठला, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. २०१० सालचा वैशाख होता. बँकेतली नोकरी सोडून मी पुण्याहून दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी कायमची राहायला आले होते आणि आईचं पहिलं मागणं पुरं करायची मला घाई झाली होती.

चार दिवसांपूर्वीच्या वळवात देवळामागच्या देवचाफ्याची एक फांदी मोडली होती. गुरवांकडून मी ती मागून आणली. हातभर लांब, मनगटाएवढी जाड, टोकाला चार पानं. मोडल्या जागेतून पांढरा चीक टपटप गळत होता. लगेच खड्डा खणायला घेतला, तर गडग्यापलीकडून शेजारचे आबा म्हणाले, ‘थांब. आठ दिवस पडवीत उभी करून ठेव. चीक सुकल्याशिवाय लावलीस तर बुडातून कुजेल.’

फांदी आठ दिवस पडवीत नुसती उभी होती. तिची पानं गळली, साल सुरकुतली. लाकडाचा ओंडका लावावा तशी मी ती गडग्याच्या कडेच्या दगडगोट्यांच्या मातीत खोचली आणि पाणीही घातलं नाही. मृग लागला तशी तिच्या टोकाला हिरवी बोटं फुटली. पुढच्या चैत्रात, अंगावर एकही पान नसताना, त्या फांदीने पिवळ्या पोटाच्या पांढऱ्या फुलांचा गुच्छ धरला. मी आईला हाताला धरून दाखवायला नेलं.

आईने फूल हातात घेतलं, वास घेतला. ‘झाड गुणी आहे. पण हा नव्हे गो. मला चाफा हवा होता.’

‘हा चाफाच की, आई.’

‘हा देवाचा. मला डोक्यात माळायचा हवा.’

तिला सोनचाफा हवा होता.

आपल्या भाषेने चाफा हे नाव किती झाडांना वाटलंय ते मी त्यानंतर मोजलं. सोनचाफा, देवचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, जमिनीतून थेट फुलणारा भुईचाफा. यातले सोनचाफा आणि कवठी चाफा तेवढे सख्खे, दोघे मॅग्नोलिया. बाकीच्यांचं नातं फक्त वासाचं. देवचाफा तर कण्हेरीच्या कुळातला, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. त्याच्या प्लुमेरिया या शास्त्रीय नावात सतराव्या शतकातल्या प्लूमिए नावाच्या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतिज्ञाची आठवण आहे. सोनचाफा सह्याद्रीच्या जंगलांतला, संस्कृतातला चंपक. समुद्रापलीकडून आलेल्या झाडाला आपण इथल्या झाडाचं नाव दिलं आणि वर देव हा शब्दही जोडला. हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. लाओस देशाचं राष्ट्रीय फूल ‘डोक चंपा’, म्हणजे आपला देवचाफाच. परक्या झाडाला इतक्या आपुलकीने घरात घेणारी माणसं मला फार आवडतात.

त्याच पावसाळ्यात एका रोपवाटिकेतून मी सोनचाफा आणला. ‘कलम आहे, दोन वर्षांत फुलेल’ असं सांगून त्यांनी कलमाचे पैसे घेतले. झाड झपाट्याने वाढलं. चकचकीत पानं, सरळ बुंधा, सात वर्षांत पंधरा फूट उंची आणि फूल एकही नाही. आई दर श्रावणात त्याखाली जाऊन मान वर करून यायची, बोलायची काही नाही. २०१८मध्ये एकदा आबा बुंध्याशी उकिडवे बसले, बोटाने माती उकरून साल चाचपली आणि म्हणाले, ‘याला सांधा कुठे आहे? हे बियाचं रोप आहे. आठ-दहा वर्षं बघायची तयारी ठेव.’ कलम म्हणजे फुलणाऱ्या झाडाची काडी रोपाच्या खुंटावर जोडलेली. काडी वयात आलेली असते, म्हणून ती लवकर फुलते. मला राग आला तो पैशांचा नव्हता. आई तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची होती आणि तिची सात वर्षं त्यात गेली होती.

कुडाळकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडून खरं कलम आणलं आणि या वेळी चूक माझीच झाली. नाव एक म्हणून मी दोघांचा स्वभावही एक धरला होता. देवचाफा खोडात पाणी साठवून ठेवतो, म्हणून हिवाळ्यात पानं झाडून महिनोन्महिने कोरडा उभा राहू शकतो. तेव्हा त्याला पाणी घालणं हाच धोका. सोनचाफा बारमाही हिरवा. त्याला उन्हाळ्यात ओल हवी, मुळाशी पालापाचोळा हवा. एवढं वाचून मी कलम परसातल्या सखल जागी लावलं, कारण तिथे ओल टिकते. पण आमच्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या कोपऱ्यात पाणी तुंबलं, नारळी पौर्णिमेपर्यंत पानं पिवळी पडली आणि उपटलं तेव्हा मुळं काळी, बुळबुळीत होऊन हातात आली. सोनचाफ्याला ओल हवी, पण साचलेलं पाणी त्याला मुळीच सोसत नाही. २०१९मध्ये दुसरं कलम आणलं. या वेळी जांभ्याच्या चिऱ्यांचा ओटा रचून, शेणखत-माती भरून ते घराच्या आडोशाला लावलं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. त्या दिवसाबद्दल लिहायला बसले की हात थांबतो. दुपारभर झाडं मोडण्याचे आवाज येत होते. संध्याकाळी बाहेर आलो तर माड, पोफळी, कलमांची बाग सगळं आडवं. बियाचा सोनचाफा उभा होता, पण शेंडा दहा फुटांवर मोडून गेला होता. ओट्यावरचं लहान कलम भिंतीमुळे वाचलं. देवचाफा मुळासकट उलथला होता. त्याच्या फांद्या ठिसूळ, खडूसारख्या काटकन मोडणाऱ्या. अंगणभर त्याचे तुकडे पडले होते.

पुढे बरेच दिवस वीज नव्हती. रात्री पडवीत मी आणि आई अंधारातच बसायचो. तिसऱ्या-चौथ्या रात्री आई एकदम म्हणाली, ‘वास येतोय गो.’ बॅटरी घेऊन गेले, तर मोडून पडलेल्या फांद्यांवरच्या कळ्या उमलत होत्या. देवचाफ्याचा वास रात्रीच जास्त सुटतो. मोठे निशाचर पतंग त्याला भुलून येतात, एका फुलावरून दुसऱ्यावर सोंड घालत फिरतात. फुलात मध मात्र नसतो. परागीभवन तेवढं होऊन जातं. त्या पडलेल्या झाडावरही एक पतंग घिरट्या घालत होता.

दुसऱ्या दिवशी मी फांद्या गोळा केल्या. चांगल्या चौदा निघाल्या. आठ दिवस पडवीत सुकवून वाडीत वाटल्या. ज्यांच्या परसात काहीच उरलं नव्हतं त्यांना आधी दिल्या. सोनचाफ्याच्या मोडक्या शेंड्याचे तुकडेही मी लावून पाहिले होते. ते पंधरा दिवसांत वाळले.

ओट्यावरच्या कलमाला त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास पहिली कळी आली. आईला मी उठवलंच नाही. सोनचाफा पहाटे, पुरता उमलण्याआधी काढावा लागतो आणि पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग पडतो. देठाला धरून कळी खुडली, फुलपात्रात घालून तिच्या उशाशी ठेवली. ती वासानेच जागी झाली. केस विरळ झाले होते, तरी तिने ते फूल अंबाड्यात खोचून घेतलं आणि दिवसभर काढलं नाही. संध्याकाळपर्यंत पाकळ्या मलूल होऊन मानेवर पडल्या.

शेंडा मोडलेल्या बियाच्या झाडाला खालून फुटवे आले आणि दहाव्या वर्षी, २०२१च्या पावसाळ्यात, तेही फुललं. त्याची फुलं कलमापेक्षा लहान आणि फिकी, पण वास मला त्याचाच अधिक गोड वाटतो. त्याच्या पानांवर हिरव्या ठिपक्यांच्या काळ्या फुलपाखराच्या अळ्याही असतात. देवचाफ्यावर असलं बिऱ्हाड मी कधी पाहिलं नाही. त्याच्या चिकाला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

आई आता खाटेवरच असते. तिच्या खिडकीत पाण्याने भरलेली काचेची बाटली आहे, तिच्यात सोनचाफ्याचं फूल बुडवलेलं असतं. तसं ते आठवडाभर सोन्यासारखं राहतं. गेल्या चैत्रात सोनचाफा नव्हता, म्हणून मी बाटलीत देवचाफ्याचं फूल घातलं. शेजारच्या परसातलं, आमच्याच एका फांदीचं. दोन दिवसांत ते पाण्यात विरघळल्यासारखं काळपट झालं. आईने बाटली माझ्या हातात दिली. ‘त्याला कशाला कोंडतेस? तो देवापुढे ठेव. हिच्यात माझा येईल तेव्हा घालू.’

बाटली घासून मी खिडकीत पालथी घातली. ओट्यावरच्या कलमाला तेव्हा दोन कळ्या धरल्या होत्या, अजून हिरव्याच.