गोळीच डोकं दुखवते तेव्हा

दांडिया बाजार, वडोदरा

चि. बेबी,


फोनवर तुझ्या गोळ्यांचा विषय काढला की "काही नाही रे मामा" म्हणून तू तो उडवून लावतेस. म्हणून हे पत्र.

गौरीजेवणाच्या दिवशी पुरण वाटता वाटता तू पर्समधून पट्टी काढलीस, दोन गोळ्या तोंडात टाकल्यास आणि पाणीही न पिता गिळल्यास. हाताला इतकी सवय की कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, औषधाच्या दुकानात जन्म गेलाय माझा.

रोज डोकं दुखतं म्हणून रोज गोळी, असं तू म्हणतेस. मला वाटतं, आता उलटं झालंय. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ दिवस किंवा जास्त, आणि कॅफीन घातलेली मिश्र गोळी १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. तिचा असर उतरला की ठणका, ठणक्यावर पुन्हा गोळी. अर्धशिशी असलेल्यांना हे लवकर जडतं, आणि तुझी अर्धशिशी शाळेपासूनची.

आपल्याकडे घरोघरी कुणी ना कुणी अलेम्बिक नाहीतर साराभाईच्या औषध कारखान्यात नोकरीला होतं. त्यामुळे औषध घरचंच वाटतं, आणि चिठ्ठीशिवाय मिळतं ते निर्धोक वाटतं. पण पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेलं तर यकृताला धोका, आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांत तेच असतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक सतत घेतलं तर पोट आणि मूत्रपिंडं बिघडू शकतात.

यातून सुटका होते, बेबी. गोळी थांबवल्यावर साधारण २ ते १० दिवस जड जातात: डोकं जास्तच दुखतं, मळमळतं, झोप उडते, जीव कासावीस होतो. माणूस पट्टीकडे परत वळतो तो याच दिवसांत. ते निभावले की दुखण्याचे दिवस हळूहळू कमी होतात आणि अर्धशिशी रोखणारी औषधंही नीट लागू पडतात.

मात्र हे आपल्या मनानं करू नकोस. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली गोळी एकदम बंद करायची नसते. घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत भर, कालनिर्णयवर महिनाभराच्या गोळ्यांच्या खुणा कर आणि दोन्ही घेऊन सयाजी रुग्णालयाच्या ओपीडीत चल. मी बरोबर येतो. मन फारच अस्वस्थ झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.

यात लपवण्यासारखं काही नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६पासून व्यसनालाही आजारच मानतात आणि उपचारात घरच्यांना सामील करून घेतात. म्हणून जावईबापूंना आजच सांग.

नवरात्रात जागरणं होतील, त्याआधी पितृपक्षातच डॉक्टरांना भेटू. ते जड दिवस मामी तुझ्याकडे राहायला येईल. मुलांचे डबे, स्वयंपाक ती बघेल. तू फक्त हो म्हण.

तुझा,
मामा