झाडाला त्रास नाही ना?

नवऱ्याची बदली केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यात झाली. घर मिळालं ते रबराच्या मळ्याला लागून, कौलारू, हवेशीर. घरमालकीण चेच्चींनी, म्हणजे ताईंनी, एवढंच बजावलं, "वळवाचा पहिला पाऊस पडला की दिवे घालवा."

एप्रिलात सर आली, दिवे घालवले. तरी रात्रभर कौलांवर वाळू ओतल्यासारखा आवाज. सकाळी वासे काळे दिसत होते. सेंटीमीटरभरही नसलेले भुंगेरे, एकावर एक. शास्त्रीय नाव ल्युप्रॉप्स ट्रिस्टिस. तिकडे त्याला 'मुप्ली वंडु' म्हणतात, कारण 1970च्या दशकात त्रिशूरकडच्या मुप्लीत तो पहिल्यांदा डोळ्यांत भरला. कोळिक्कोडच्या देवगिरी कॉलेजातल्या संशोधकांनी एकेका घरात पाच लाखांपासून चाळीस लाखांहून जास्त असल्याचं नोंदवलंय.

तो चावत नाही. पण अंगाखाली चिरडला की जो स्राव सुटतो त्यानं कातडी भाजते. मुलीच्या मानेवर फोड आला तशी मी शेतकी कचेरी गाठली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं नि म्हणाले, "तो गळलेली पानं खातो. झाडाला त्रास नाही ना?"

बस्स, विषय संपला! पिकाला धोका नाही म्हणजे तो कीड नाही, कीड नाही म्हणजे उपाय नाही. पाचोळा मळ्यातला, त्यावर पोसलेले भुंगेरे मात्र आमच्या छतात. रबराचे पैसे मळेवाल्याला, आणि तो राहतो शहरात. फवारणी स्वतःच्या खर्चानं करा. मेलेले ताटात पडतात, वरचे ढिम्म. ताटावर झाकण, पलंगावर मच्छरदाणी, हाच काय तो उपाय. जंगल तोडून परक्या झाडाची एकसुरी लागवड केली की हिशेब कुणाच्या तरी घरी येणारच.

खरं सांगायचं तर हा जीव थक्क करतो. जवळपास नऊ महिने तो छतात निपचित पडून राहतो आणि रबराची पानगळ सुरू झाली की मळ्यात परततो. हे वाचलं तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं. रात्री एक कानाशी पडला, तेव्हा अजिबात नाही.

आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही केरळच्या मळेवाल्यांनी रबर लावलंय. हा भुंगेरा तिथे पोचलाय असं मी म्हणत नाही. पण मळ्याशेजारी राहत असाल तर वळवानंतर छत बघा. दिसला तर तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या.