मुरथळच्या वाटेवरील वारा

वाचकहो, सुटीच्या दिवशी पहाटे दिल्लीहून मोटारसायकलींचे जथे पन्नासएक किलोमीटरवरील मुरथळला पराठे खाण्यास निघतात. आपणही त्या वाटेस जाणार असाल, तर कानांची थोडी चिंता वाहावी. अपाय केवळ यंत्राच्या आवाजाने होतो असे नाही. शिरस्त्राणाभोवती घोंगावणारा वारा अधिक घातक. ताशी 80 किलोमीटर वेगातही तो 90 डेसिबलच्या वर जाऊ शकतो. आठ तासांसाठी सुरक्षित मर्यादा 85 डेसिबलची. पुढे दर तीन डेसिबलांमागे वेळ निम्मा होतो.

यास्तव करोलबागच्या बाजारात हातमोजे घेताना कानात घालावयाचे मऊ बोळेही घ्यावेत. फोमचा बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. बाहेर डोकावणारा बोळा शिरस्त्राणाखाली दाबला जाऊन टोचतो, आणि टोचणारा बोळा लवकरच खिशात जातो. म्हणून कान अरुंद असल्यास लहान आकार निवडावा. भोंगा मात्र ऐकू आलाच पाहिजे.

आवाजाने कायमची गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. मुरथळला पोचल्यावर सोबत्याचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे, एवढी दक्षता आपण अवश्य घ्यावी.