लाथ न मारणारी दुभती गाय

पाणबुडी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? टॉर्पेडो! पण दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने अशा दहा पाणबुड्या बांधल्या, ज्यांना टॉर्पेडो सोडायची नळीच नव्हती. अधिकृत नाव टाईप १४. खलाशी म्हणायचे 'मिल्खकू', म्हणजे चक्क दुभती गाय.

गरज साधी होती. जर्मन नौदलाची नेहमीची बोट टाईप ७सी. तिच्या टाकीत सुमारे ११४ टन डिझेल मावायचं. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये शिकार गेली थेट पलीकडच्या किनाऱ्यावर. तिथवर जाऊन परत यायचं, तर तिथे थांबायला तेल उरतं किती? मग अ‍ॅडमिरल ड्योनिट्झने तेलाचा पंपच समुद्रात पाठवला!

टाईप १४ ची लांबी ६७ मीटर, म्हणजे ७सी एवढीच. रुंदी मात्र नऊ मीटरच्या वर. अगदी गुबगुबीत प्रकरण. दुसऱ्यांना द्यायला ४०० टनांहून जास्त डिझेल, चार जादा टॉर्पेडो, धान्य-भाज्या, एक डॉक्टर आणि ताजा पाव भाजायची भट्टी. थोडं थोडं वाटलं तर दहा-बारा बोटी अजून काही आठवडे समुद्रात राहू शकत. बचावाला फक्त विमानविरोधी तोफा. वर हे धूड पाण्याखाली जायलाही वेळ लावायचं.

एप्रिल १९४२ मध्ये यू-४५९ ने बर्म्युडाच्या ईशान्येला पहिलं 'दूध' घातलं. त्या वर्षी दहापैकी एकच गेली. पण १९४३ मध्ये सात! असं काय बदललं?

आता आपल्या धंद्यातला मुद्दा. दोन बोटी अथांग समुद्रात भेटायच्या, तर जागा आणि वेळ कळवायला हवी. ती वायरलेसवर जायची, एनिग्मा यंत्राच्या सांकेतिक लिपीत. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मनांनी चार चाकांचं एनिग्मा आणलं आणि ब्रिटिशांना दहा महिने काही वाचता येईना. डिसेंबरमध्ये ते कुलूप उघडलं. मग विमानवाहू जहाजांची विमानं भेटीच्या जागेवरच हजर व्हायला लागली. शिकाऱ्यांच्या मागे धावायचंच कशाला? गोठा सापडला की पुरे.

योगायोग बघा. ३० जुलै १९४३ ला बिस्केच्या उपसागरात यू-४६१ बुडवली ती ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या ४६१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने, आणि विमानाचं अक्षर होतं 'यू'! तिच्यावरचे ५३ जण गेले. वैमानिक डडली मॅरोजने पाण्यातल्या लोकांसाठी वरून रबरी होडी टाकली. पंधरा वाचले. जून १९४४ पर्यंत दहाच्या दहा गाई संपल्या.

दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. या गाईला लाथच नव्हती, पण घात त्याने झाला असं मला नाही वाटत. टॉर्पेडो असलेल्या बोटीही त्या वर्षी ढिगाने बुडाल्या. घात केला तो सगळा भार थोड्या बोटींवर टाकून त्यांचा पत्ता रोज हवेत ओरडून सांगणाऱ्या व्यवस्थेने. बोट बनवणाऱ्या इंजिनियरने त्याचं काम चोख केलं होतं. बिचारा पाव भाजणारा आचारी, त्याने तरी काय वेगळं केलं असतं?

कुठल्याही सिस्टीमचं चित्र समोर आलं की मी हल्ली आधी तिची गाय शोधतो. आणि मग विचारतो, हिचा पत्ता कोणाकोणाला ठाऊक आहे?