अर्धवट फाइल

१७ जून २०२५, नगर
संगमनेरच्या मुख्य सर्व्हरची इथली रेप्लिका शनिवारी रात्रीपासून अडली आहे. दूध संकलनाचे लिटर, फॅट, एसएनएफ, सगळं तिथेच थांबलंय. आज मुख्य सर्व्हर बसला, तर उत्पादकांच्या या नोंदी गेल्याच. लॉगमध्ये ‘हिस्टरी फाइल सापडली नाही’ ही ओळ सारखी येते. तिला भिऊ नये. धडधाकट पोस्टग्रेस डेटाबेसही टाइमलाइन बदलली का, हे असंच विचारत असतं. खरी ओळ तिच्याखाली आहे: मागितलेला वॉल सेगमेंट (बदलांच्या नोंदीची फाइल) मुख्य सर्व्हरवरून आधीच काढला गेलाय.

१८ जून
तो सेगमेंट अर्काइव्हमध्ये मात्र आहे. नाव बरोबर, परवानग्या बरोबर. आकार ९४,३७,१८४ बाइट! शेजारच्या प्रत्येक फाइलचा १,६७,७७,२१६, म्हणजे पूर्ण १६ एमबी. शनिवारच्या वादळात लाइन गेली तेव्हा कॉपी मध्येच तुटलेली दिसते. लहान फाइल दिसली की स्टँडबाय, म्हणजे इथली रेप्लिका, ‘अजून कॉपी होत असेल’ असं धरून चालतो आणि नेहमीच्या लॉगमध्ये चकार शब्द लिहीत नाही.

१९ जून
मूळ सापडलं. अर्काइव्हची जुनी स्क्रिप्ट फाइल आधीच असली की शून्य परत करते, म्हणजे ‘काम झालं’. लाइन आल्यावर तिला अर्धी फाइल दिसली, तिने शून्य दिलं आणि मुख्य सर्व्हरने त्यावर विसंबून आपली प्रत काढून टाकली. हरवलेला सेगमेंट आता कुठूनच मिळणार नाही. नवी स्क्रिप्ट तात्पुरत्या नावाने कॉपी करते, आकार जुळवते, मगच खरं नाव देते.

२० जून
नवा बेस बॅकअप. चेकपॉइंट होईपर्यंत त्याची कमांड गप्प बसते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये याच शांततेने गोंधळ झाला होता. रेप्लिकेशन दुरुस्त करताना चुकीच्या सर्व्हरवरचं, म्हणजे मुख्य सर्व्हरवरचं, डेटा फोल्डर पुसलं गेलं. म्हणून इथलं जुनं फोल्डर पुसण्याआधी संगमनेरला फोन लावला. तिकडून प्रश्न आला:
“दादा, तुमच्या स्क्रीनवर सर्व्हरचं नाव काय दिसतंय?”
“नगर.”
“मग पुसा.”

२१ जून
रेप्लिका बरोबरीला आली. ११ ते २० जूनच्या दूधबिलाची बेरीज दोन्हीकडे ताडून पाहिली, जुळली. ज्या संस्थांकडे अशी दुसरी प्रत आहे, त्यांनी याच आठवड्यात अर्काइव्हमधल्या फायलींचे आकार तपासावेत आणि एखाद्या रिकाम्या मशिनवर ती प्रत खरोखर उभी करून पाहावी.