सोर्बाऱ्याची द्राक्षवेल

इटलीच्या उत्तर भागांत पो नदीचें विस्तीर्ण मैदान आहे. त्याच्या दक्षिण कडेनें रिमिनीपासून पिआचेंत्सापर्यंत एक सरळ मार्ग गेलेला आहे. एमिलियस लेपिडस या रोमन कॉन्सलनें ख्रिस्तपूर्व १८७ सालीं तो बांधविला व त्याच्याच नांवावरून या प्रांतास एमिलिया हें नांव मिळालें. या मार्गावर मोदेना हें प्राचीन शहर असून तेथील मुख्य देवालयाचा पाया १०९९ सालीं घातला गेला. तें देवालय व त्याच्या शेजारचा उंच मनोरा पाहण्यास देशोदेशींचे प्रवासी येतात. मला मात्र त्या शहराच्या उत्तरेस, सेक्किया व पानारो या दोन नद्यांच्या मध्यें वसलेल्या सोर्बारा या लहानशा गांवाविषयीं, आणि विशेषेंकरून तेथील द्राक्षवेलीविषयीं लिहावयाचें आहे.

लाम्ब्रुस्को हें एका द्राक्षाचें नांव नसून एका मोठ्या कुटुंबाचें आडनांव आहे. लॅटिन भाषेंत ‘लाब्रुस्का’ म्हणजे रानवेल. या कुटुंबांतील सोर्बाऱ्याच्या वेलीस एक जन्मजात उणीव आहे. तिच्या फुलांत पुंकेसर असतात, परंतु ते मागें वळलेले असून त्यांतील पराग वंध्य असतो. एकटीच लावली तर ती फुलेल, पण फळणार नाहीं. म्हणून तिच्या शेजारीं त्याच कुटुंबांतील सालामिनो नांवाची दुसरी वेल लावावी लागते व तिच्या परागानें सोर्बाऱ्याचें फूल फळतें. एवढें करूनही बरींच फुलें गळतात, घड विरळ येतो व कांहीं मणी वाटाण्याहूनही लहान राहतात. इतकी नाजूक प्रकृति असतां शेतकऱ्यांनीं तिला टाकिलें नाहीं, हेंच विशेष.

पूर्वीं या वेली तारांवर चढवीत नसत. एल्म किंवा मॅपल वृक्षांच्या रांगा लावून त्यांच्यावर वेली सोडीत आणि एका वृक्षावरून दुसऱ्यावर त्यांचीं तोरणें बांधीत. हें ऐकतांच मला शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील वनज्योत्स्नेची आठवण झाली. तेथें नवमालिकेनें आम्रवृक्षास वरिलें आहे. रोमचा कवि कातुल्लुस यानेंही विवाहगीतांत एल्म व द्राक्षवेल यांचेंच रूपक योजिलें आहे. दोन देशांच्या कवींस एकच दृश्य दिसावें, याचें कारण दोघांनींही शेत पाहिलें होतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यंत्रें आलीं, वृक्ष आड येऊं लागले व ते बहुतेक तोडले गेले. अर्धेलीनें जमीन कसणारीं मोठीं एकत्र कुटुंबेंही त्याच सुमारास पांगलीं. १९६४ च्या कायद्यानें अर्धेलीचे नवे करारच बंद केले.

आतां पेयाविषयीं. शरद् ऋतूंत द्राक्षें तोडून रस काढतात. किण्वाचे सूक्ष्म जीव रसांतील साखर खाऊन तिचें मद्य व वायु करतात. थंडी पडतांच हें काम मंदावतें. असा अर्धवट आंबलेला रस बाटल्यांत भरून ठेवला, म्हणजे वसंतांत ऊब लागतांच तें पुन्हां सुरू होतें. परंतु वायूस वाट नसल्यामुळें तो रसांतच विरून राहतो. १८९५ सालीं मार्तिनोत्ती या संशोधकानें आस्ती येथें बंद टाकींत हीच क्रिया साधण्याची युक्ति काढली. तथापि जुनी बाटलीची रीत अजून चालू आहे. शांपेनएवढा जोर यांत नसतो. वायूचा दाब एक ते अडीच बार, म्हणजे नुसती जिभेस गुदगुली.

माझा पुतण्या त्या प्रांतांत नोकरीस आहे. त्याच्या ओळखीनें आम्ही सोर्बाऱ्याजवळच्या एका मळ्यांत गेलों. घरच्या वृद्ध आजीबाईंनीं कणकेच्या तळलेल्या पुऱ्या व प्रसिद्ध पार्मेझान चीज पुढें केलें. पुऱ्या डुकराच्या चरबींत तळतात आणि त्या चीजचें दूध वासराच्या जठरांतील द्रव्यानें विरजतात, हें कळल्यावर मीं दोन्हींस हात जोडले. आजीबाई मुळींच रागावल्या नाहींत. त्यांनीं भाजलेल्या भाज्या आणिल्या. मग त्यांनीं एक बाटली उघडली.

पुतण्या म्हणाला, “काका, कौटिल्यानें द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटलें आहे, आणि आपल्या वैद्यांच्या द्राक्षासवांतही मद्यांश असतोच.” दोन्ही गोष्टी खऱ्या. कौटिल्य तर ‘कापिशायन’ असें मधूचें स्थलनाम देतो व पाणिनीनें त्या शब्दाकरितां स्वतंत्र सूत्र केलें आहे. पण मनूनें सुरापान महापातकांत गणिलें आहे, हेंही तितकेंच खरें. शास्त्रांत पळवाट शोधणें मला आवडत नाहीं. इतक्यांत आजीबाईंनीं सांगितलें कीं, १९ जानेवारी २०१४ रोजीं सेक्कियाचा बांध फुटला, तेव्हां हा मळा पाण्याखालीं होता. आणि ही बाटली त्याच वेलींची. यजमानाच्या धर्माविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलेलें आहे, अतिथीच्या धर्माविषयीं त्या मानानें थोडें. घरीं गेल्यावर ही गोष्ट लपवावयाची नाहीं, असें ठरवूनच मीं तो पेला हातीं घेतला.

रंग पातळ कोकम सरबताचा. वर गुलाबी फेंस आला व बोलतां बोलतां नाहींसा झाला. वास रानफळांचा, त्यांत कोठें तरी नाजूक फुलाचा. चव आमसुलाच्या पाण्यासारखी स्वच्छ आंबट, गोडी जवळजवळ नाहींच. आचमनाएवढा एक घोट घेऊन मीं पेला खालीं ठेविला. आजीबाईंनीं तो हंसत आपल्याकडे ओढून घेतला.

परत आल्यावर रात्रीं सर्व मंडळींसमक्ष हें सांगितलें. थोरल्या बंधूंनीं कांहीं न बोलतां पान पुसलें. धाकट्या सुनेनें रंगाविषयीं विचारिलें. माझें कुटुंब मात्र दोन वेलींची हकीकत पुन्हां सांगा म्हणालें. सांगून झाल्यावर तिनें विचारिलें, “मग बाटलीवर नांव कोणाचें?”

“सोर्बाऱ्याचें.”

“आणि जिच्यामुळें फळ धरलें, तिचें?”

“त्या नांवांत तें येत नाहीं.”

“घरोघरीं तेंच,” असें म्हणून ती ताटें उचलूं लागली. धाकटी सून उठून तिच्या हातचीं ताटें घेण्यास गेली.