न दिसलेल्यांची मोजदाद

बांधावरच्या कॅमेऱ्याचं कार्ड संगणकात घातलं की आधी येतात ती कुत्री. मग शेळ्या, मग डोक्यावर घासाचा भारा घेतलेली बाई, रात्रीची लाइट आली म्हणून उसाची दारं धरायला निघालेला गडी. माणसांचे फोटो मी लगेच पुसते. कॅमेरा कुठे आहे हे वस्तीला ठाऊक असतं, तरी कुणाच्या रोजच्या ये-जा करण्याचा असा पुरावा आपल्याकडे असू नये वाटतं. मग पहाटे तीनच्या पुढे, त्याच बांधावर, त्याच चौकटीत बिबट्या. बाई गेली त्याच दिशेने, तितक्याच सवयीच्या चालीने.

अकोले परिसरातल्या या प्रवराकाठी अभयारण्य नाही. विद्या अत्रेय यांनी पीएचडीसाठी इथेच कॅमेरे लावले आणि 2013 साली आकडे प्रसिद्ध झाले: दर 100 चौरस किलोमीटरला साधारण 5 प्रौढ बिबटे, जवळपास तितकीच तरसं, आणि त्याच जमिनीवर चौरस किलोमीटरमागे 300हून जास्त माणसं. बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. माझ्या कार्डांत इतकी कुत्री पाहून मी वैतागते खरी. पण बिबट्याची शिदोरीच ती.

मोजायची रीत मला अजून विलक्षण वाटते. दोन बिबट्यांचे ठिपके सारखे नसतात, एकाच बिबट्याची डावी कूसही उजवीसारखी नसते. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे. तेच तेच ठिपके परत येऊ लागले तर समजावं, बाहेर फार कुणी उरलं नाही. दर खेपेला नवाच कुणी आला तर उसात पुष्कळ दडलेत. सगळं गणित चालतं ते फोटोत न आलेल्यांसाठी. पूर्वी पावलांचे ठसे गिरवून वाघ मोजत. 2005 मध्ये सरिस्कात वाघ उरलेच नाहीत हे उघड झालं आणि त्या कागदांवरचा विश्वास उडाला. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्याची गणना करायला मी आजही आनंदाने जाईन, पण त्यावर आकडा ठरवणार नाही.

वस्तीवरच्या आजोबांना आकड्याचं अप्रूप नाही. शेंदूर फासलेल्या वाघोबापुढे वाघबारशीला नारळ फोडणारा हा माणूस विचारतो, “किती भरले गं पोरी?” मी आकडा सांगते, मागोमाग तो कुठपासून कुठपर्यंत असू शकेल तेही. ते हसतात. “एक असो का पाच, कोंबड्या सांजंलाच झाकायच्या.”

गेल्या महिन्यात त्यांच्या गोठ्यातल्या दोन शेळ्या गेल्या. पिंजरा लावा म्हणून सगळे जमले. मी जुन्नरचं सांगितलं: 2001 पासून तिथे बिबटे धरून दूर सोडू लागले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 2003 पर्यंतच्या काळात 17 वर गेले. एक नेला तर त्याची जागा दुसरा घेतो, आणि नेलेला परक्या मुलखात सैरभैर होतो. आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले आणि पिंजऱ्याच्या अर्जावर सही केली. त्यांच्या जागी असते तर मीही केली असती.